पासवर्डचे फंक्शन एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून आला. कुठे विद्यार्थ्यांचा गट, कुठे अभ्यासिका, कुठे वधू-वर मेळावे घेणारे मंडळ. प्रत्येकाची दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने उभी केलेली वर्डप्रेसची वेबसाइट आहे. तिच्यावर काही हजार सभासदांची नोंदणी आहे. आता आपल्यातलीच तरुण मुले पायथन शिकली आहेत. त्यांना ती साइट जँगोमध्ये नव्याने बांधायची आहे. नावे जातात, फोन नंबर जातात, फोटोही जातात. अडते ते पासवर्डपाशी. नव्या साइटवर जुना पासवर्ड टाकला की ‘चुकीचा पासवर्ड’ एवढेच उत्तर येते.

यावर सोपे उत्तर सगळेच देतात: सगळ्यांना नवा पासवर्ड घ्यायला लावा. शहरात नोकरी करणाऱ्या सभासदांना ते चालते. पण ज्यांनी सायबर कॅफेत बसून, कॅफेवाल्याकडून ई-मेल उघडून घेऊन नोंदणी केली होती, त्यांचे काय? तो ई-मेल आता कुणालाच उघडता येत नाही. मोबाइल नंबर दोनदा बदललेला असतो. अशा माणसाकडे ‘हे खाते माझेच आहे’ हे सांगायला एकच गोष्ट उरते. ती म्हणजे त्याला आठवणारा जुना पासवर्ड. तो चालेनासा केला तर त्याला आपण दाराबाहेर उभे केले, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून हे काम नीट शिकून करणे आम्हाला गरजेचे वाटते. जे आम्ही चुकतमाकत शिकलो ते इथे मांडत आहोत.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपण सर्रास ‘पासवर्ड एन्क्रिप्ट केला’ असे म्हणतो. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. किल्ली असेल तर ते उघडते आणि आतला मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. पासवर्डच्या बाबतीत आपल्याला नेमके हेच नको असते. साइट चालवणाऱ्यालाही सभासदाचा पासवर्ड वाचता येता कामा नये. त्यासाठी वापरतात ते हॅशिंग. गिरणीत गहू टाकला की पीठ मिळते, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. सभासद लॉगिन करतो तेव्हा त्याने दिलेला गहू आपण पुन्हा त्याच गिरणीत दळतो आणि पीठ जुळते का ते पाहतो.

कुलूप आणि गिरणी यांतला फरक २०१३ साली अडोबी कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिला. त्यांच्याकडची सुमारे पंधरा कोटी खात्यांची माहिती बाहेर आली. पासवर्ड हॅश केलेले नव्हते, एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले होते, आणि तेही अशा पद्धतीने की दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर डेटाबेसमधला मजकूरही सारखाच दिसेल. शेजारच्या रकान्यात लोकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या पडलेल्या होत्या. एकाने खूण स्पष्ट लिहिली असेल तर तोच पासवर्ड असलेल्या हजारो लोकांचा पासवर्ड एका फटक्यात कळत होता. किल्ली शोधायचीही गरज पडली नाही.

म्हणून पिठात मीठ घालतात. सॉल्ट म्हणजे प्रत्येक सभासदासाठी वेगळा, आपोआप तयार झालेला छोटा मजकूर. तो पासवर्डमध्ये मिसळून मग दळतात. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे निघते. ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या पासवर्डवर लिहिलेल्या निबंधात ती सविस्तर मांडली आहे. तरीही २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, त्यांत मीठ नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे फेऱ्या. एमडी५ सारखे फंक्शन फार वेगवान आहे. आजचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासू शकते. म्हणून एकदा दळून थांबत नाहीत, हजारो वेळा दळतात. लॉगिन करणाऱ्याला सेकंदाचा छोटासा भाग जास्त लागतो, पण चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढाच वेळ मोजावा लागतो.

वर्डप्रेसच्या रकान्यात नेमके काय असते

वर्डप्रेसच्या सभासदांच्या टेबलमध्ये पासवर्डचा रकाना उघडून पाहा. बहुतेक नोंदी डॉलर, कॅपिटल पी, डॉलर अशा सुरू होतात आणि बरोबर ३४ अक्षरांच्या असतात. ही पीएचपास नावाची पद्धत. वर्डप्रेसने ती २००८ साली २.५ या आवृत्तीत आणली. त्याआधी साधा एमडी५ होता, ३२ अक्षरांचा, बिनमिठाचा. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ६.८ या आवृत्तीपासून बीक्रिप्ट आले आहे आणि त्या नोंदी डॉलर, डब्ल्यूपी, डॉलर अशा सुरू होतात. जुना सभासद लॉगिन करतो तेव्हा वर्डप्रेस गुपचूप त्याचा हॅश नव्या पद्धतीचा करून ठेवते. जो लॉगिन करायला आलाच नाही, त्याची नोंद जुनीच राहते. म्हणजे साइट पुरेशी जुनी असेल तर एकाच रकान्यात तीन पिढ्या एकत्र नांदत असतात. काम सुरू करण्याआधी कोणत्या पिढीचे किती सभासद आहेत ते मोजून घ्या. आम्ही पहिल्या वेळी मोजले नव्हते, आणि नंतर अर्धा दिवस ‘काहींचेच लॉगिन का होत नाही’ याचा शोध घेत बसलो.

सर्वात जास्त नोंदी असतात त्या मधल्या पिढीच्या. तिचे ३४ अक्षरांचे गणित असे. पहिली तीन अक्षरे म्हणजे पद्धतीची खूण. चौथे अक्षर फेऱ्यांची संख्या सांगते. वर्डप्रेसमध्ये ते सहसा कॅपिटल बी असते. पीएचपासच्या ६४ अक्षरांच्या यादीत, शून्यापासून मोजले तर, बी तेराव्या क्रमांकावर येतो, म्हणून फेऱ्या दोनाचा तेरावा घात, म्हणजे ८१९२. पुढची आठ अक्षरे सॉल्ट. उरलेली २२ अक्षरे म्हणजे हॅश.

आतली कृती सांगायला दोन वाक्ये पुरतात. सॉल्टच्या पुढे पासवर्ड जोडून त्याचा एमडी५ काढा. मग आलेल्या उत्तरापुढे पुन्हा पासवर्ड जोडून एमडी५ काढा, हे ८१९२ वेळा करा, आणि शेवटचे उत्तर २२ अक्षरांत लिहा. पीएचपीमध्ये हे सगळे दहा-पंधरा ओळींत मावते. त्या ओळी पायथनमध्ये उतरवणे आम्हाला तासाभराचे काम वाटले होते.

ते दोन दिवस चालले. पहिली चूक अशी. पीएचपीच्या त्या कोडमध्ये एमडी५ फंक्शनला दुसरा ‘खरे’ असा एक छोटा शब्द दिलेला आहे. त्याचा अर्थ, उत्तर १६ कच्च्या बाइटांत दे, ३२ अक्षरांच्या वाचनीय रूपात देऊ नको. पायथनमध्ये या दोन रूपांसाठी दोन वेगळी फंक्शने आहेत, डायजेस्ट आणि हेक्सडायजेस्ट. उदाहरणांमध्ये सगळीकडे हेक्सडायजेस्ट दिसते म्हणून आम्ही तेच लिहिले. कार्यक्रम चालतो, लाल अक्षरांत काही येत नाही, उत्तरही येते. फक्त ते उत्तर दुसऱ्याच गिरणीचे असते.

दुसरी चूक शेवटच्या टप्प्यावर झाली. १६ बाइट अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीला आम्ही बेस ६४ समजलो. ती बेस ६४ नाही, तिची चुलत बहीण आहे. नेहमीच्या बेस ६४ मध्ये अक्षरांचा क्रम कॅपिटल ए पासून सुरू होतो, इथे टिंब आणि तिरक्या रेघेपासून. शिवाय नेहमीच्या पद्धतीत बाइटचे वरचे बिट आधी घेतात, इथे खालचे. आणि गंमत म्हणजे १६ बाइटांचे नेहमीचे बेस ६४ केले, शेवटची दोन बरोबरची चिन्हे काढून टाकली, की तिथेही २२ अक्षरेच उरतात. लांबी जुळते म्हणून चूक लपून राहते. बीक्रिप्टमध्ये अक्षरांचा क्रम आणखी तिसराच आहे. एका भाषेतल्या तयार फंक्शनचे नाव दुसऱ्या भाषेतल्या फंक्शनसारखे दिसले म्हणून ते तेच आहे, असे धरून चालू नये.

तिसरी गोष्ट हॅशच्या फंक्शनमध्ये नव्हतीच. ती बाहेर, लॉगिनच्या वाटेवर होती. वर्डप्रेस पासवर्ड हॅश करण्याआधी आणि तपासण्याआधी त्याच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा कापते. जँगोचा लॉगिन फॉर्म त्या मुद्दाम कापत नाही. मोबाइलच्या कीबोर्डला सुचवलेला शब्द निवडला की शेवटी जागा सोडायची सवय असते. जुन्या साइटवर ती जागा गळून जायची, नव्या साइटवर ती पासवर्डचा भाग झाली. म्हणून काही सभासदांचे लॉगिन संगणकावरून होत होते आणि मोबाइलवरून होत नव्हते. आम्ही पायथनचे स्ट्रिप हे फंक्शन लावून टाकले, तर कळले की तेही पीएचपीच्या ट्रिमसारखे वागत नाही. पीएचपी मोजक्या सहा चिन्हांनाच मोकळी जागा मानते, पायथन युनिकोडमधल्या अनेक प्रकारच्या मोकळ्या जागा कापते. शेवटी कोणती सहा चिन्हे कापायची ते हाताने लिहून दिले.

मराठीत पासवर्ड लिहिणाऱ्याचे काय होते

बहुतेकांचा पासवर्ड इंग्रजी अक्षरांत किंवा मोबाइल नंबर असतो, हे आम्हाला माहीत आहे. पण मराठीत लिहिणारेही आहेत, आणि फंक्शन एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना पहिला फटका त्यांनाच बसतो. हे आमचे गाऱ्हाणे नाही, या क्षेत्राच्या इतिहासात दोनदा घडलेले आहे.

बीक्रिप्ट ही पद्धत नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ साली मांडली. ती सी भाषेत होती. पुढे ती जावात आणली गेली, त्या लायब्ररीचे नाव जेबीक्रिप्ट. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पासवर्डचे बाइट करताना इंग्रजीबाहेरचे प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होऊन जात होते. २०१० साली ०.३ या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. याचा आपल्यासाठी अर्थ काय ते पाहा. संगणकाच्या मोजणीत ‘सावित्री’ हा शब्द आठ चिन्हांचा आहे, काने-मात्रा-हलन्त धरून. ‘नागपूरकर’ हाही आठ चिन्हांचा. त्या लायब्ररीच्या दृष्टीने दोन्ही पासवर्ड एकच होते, आठ प्रश्नचिन्हे. ‘सावित्री’च्या खात्यात ‘नागपूरकर’ लिहून शिरता येत होते, नुसती आठ प्रश्नचिन्हे टाकूनही शिरता येत होते. आणि ही चूक नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. बरोबर पासवर्ड टाकला की लॉगिन होते, मग कोण कशाला शंका घेईल? ती दिसते दोन प्रकारे. एक तर चुकीचा पासवर्ड टाकून लॉगिन होत नाही ना हे पाहिले तर, किंवा मूळ सी भाषेतल्या फंक्शनने केलेला हॅश ताडून पाहिला तर.

दुसरी घटना त्याच्या पुढच्याच वर्षीची. जून २०११ मध्ये सी भाषेतल्या क्रिप्ट-ब्लोफिश या लायब्ररीत एक जुना दोष सापडला. पीएचपीतही हीच लायब्ररी होती. सी भाषेत एका अक्षराची जागा काही यंत्रांवर उणे-अधिक अशी दोन्ही मूल्ये धरते. इंग्रजी अक्षराचा बाइट १२८ च्या खाली असतो, तो नेहमी अधिकच. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, म्हणून तो उणे समजला जात होता. असा उणे बाइट ३२ बिटांच्या खान्यात भरला की वरचे सगळे बिट एक होऊन जातात आणि त्या खान्यात आधी भरलेले एक ते तीन बाइट पुसले जातात. म्हणजे पासवर्डचे काही भाग हॅशमध्ये पोहोचतच नव्हते. लांब वाटणारा पासवर्ड आतून तोकडा होत होता. दुरुस्ती झाल्यावर चुकीचे जुने आणि बरोबर नवे हॅश वेगळे ओळखता यावेत म्हणून खुणा बदलाव्या लागल्या. तुम्ही पीएचपीतला बीक्रिप्टचा हॅश पाहिला असेल तर तो डॉलर, टू-वाय, डॉलर असा सुरू होतो. त्यातला वाय हा या घटनेतून आलेला आहे. काही भाषांतल्या लायब्ररी वाय ओळखत नाहीत, तिथे त्याच्या जागी बी लिहिला की काम होते, गणित तेच आहे.

बाइटांचा हा मुद्दा तरुण प्रोग्रॅमरांनी मनात पक्का ठेवावा. हॅशचे फंक्शन अक्षरे ओळखत नाही, त्याला फक्त बाइट कळतात. पीएचपीत मजकूर म्हणजे थेट बाइटांची ओळ असते. पायथन ३ मध्ये मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे, त्यामुळे यूटीएफ-८ हे नाव घेऊन रूपांतर करावेच लागते. जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचा एकेक घटक १६ बिटांचा असतो आणि बिटांची आकडेमोड उणे-अधिक ३२ बिटांत होते. जावातला बाइट उणे १२८ ते अधिक १२७ असाच असतो. पायथनमध्ये उलटा त्रास, तिथे पूर्णांकाला मर्यादाच नाही, म्हणून ३२ बिटांच्या बाहेर गेलेला भाग आपण स्वतः छाटावा लागतो. मूळ कोडमध्ये न लिहिलेली ही गृहीतके असतात, आणि भाषांतर करताना तीच सुटतात.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट पाहते. म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्याला ७२ अक्षरे मिळतात आणि मराठीत लिहिणाऱ्याला काने-मात्रांसह २४ चिन्हे. पूर्ण वाक्याचा पासवर्ड ठेवा असा सल्ला आपण देतो, पण मराठी वाक्य निम्म्यावरच कापले जाते. वर्डप्रेसने २०२५ मध्ये बीक्रिप्ट आणले तेव्हा आधी दुसऱ्या एका हॅशने पासवर्डचे ६४ अक्षरांत रूपांतर करून मगच तो बीक्रिप्टला दिला, तो याच मर्यादेमुळे. त्या पिढीच्या नोंदी नव्या साइटवर नेताना ही मधली पायरी विसरू नका.

याहून बारीक एक गोष्ट आहे. ‘तऱ्हा’ मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. काही कीबोर्ड तिसरेच करतात, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. ‘ॲप’ मधला ॲ एका चिन्हाचा असतो, किंवा अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांचा. डोळ्यांना सगळे सारखे, बाइट वेगळे. युनिकोडची एनएफसी ही एकरूप करण्याची पद्धत ऱ च्या पहिल्या दोन रूपांना एक करते, पण ॲ च्या दोन रूपांना करत नाही, जोडकालाही हात लावत नाही. म्हणून सभासदाने जुना फोन टाकून नवा घेतला की त्याचा बरोबर पासवर्ड चुकीचा ठरू शकतो. वर्डप्रेसने कधीच एकरूप केलेले नसते, त्यामुळे जुने हॅश तपासताना पासवर्ड आहे तसा द्यावा, आणि तो जुळला नाही तर एकरूप करून आणखी एकदा पाहावा.

जाता जाता एक आठवण. शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टवर टायपिंग शिकलेल्या आपल्या जुन्या कार्यकर्त्यांपैकी एकाने आम्हाला खात्रीने सांगितले की त्यांचा पासवर्ड मराठीत आहे. प्रत्यक्षात पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, फॉन्ट दिसतच नाही. त्यांची बोटे मराठी टाइप करत होती आणि संगणक इंग्रजी अक्षरे घेत होता. त्यांना म्हटले, साहेब, कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि बोटांना सवयीप्रमाणे चालू द्या. लॉगिन झाले.

ताडून पाहणे

जुन्या साइटच्या पीएचपीवरच वीस-पंचवीस खोटे पासवर्ड हॅश करून घ्या. साधा इंग्रजी, मागे-पुढे मोकळ्या जागा असलेला, मराठी, ऱ असलेला, इमोजी असलेला, अवतरणचिन्ह असलेला, ऐंशी अक्षरांचा, एका अक्षराचा. ते हॅश एका फाइलमध्ये ठेवा आणि नव्या भाषेतले फंक्शन त्यांच्यावर चालवा. प्रत्येकासाठी एक जवळपास सारखा पण चुकीचा पासवर्डही ठेवा, तो नापासच झाला पाहिजे. खऱ्या सभासदांचे पासवर्ड यासाठी कधीही मागू नका. एका ठिकाणी काम करणाऱ्या मुलांनी ‘चाचणीसाठी’ म्हणून सभासदांना व्हॉट्सॲपवर पासवर्ड विचारले, आणि लोकांनी ते दिलेही. त्यांतल्या बऱ्याच जणांचा तोच पासवर्ड ई-मेललाही होता. विश्वासाने दिलेली गोष्ट अशी ग्रुपमध्ये पडून राहते, आणि उद्या कुणी खोटा फोन करून पासवर्ड मागितला तर तो द्यायचा असतो, असे आपणच शिकवलेले असते.

हॅश ताडून पाहतानाही भाषेप्रमाणे खाचखळगे आहेत. पीएचपीत दोन मजकूर दुहेरी बरोबर चिन्हाने ताडले आणि दोन्ही आकड्यांसारखे दिसले तर पीएचपी त्यांना आकडे समजते. एमडी५ चे उत्तर शून्य आणि ई ने सुरू होऊन पुढे नुसते अंक असतील तर ते शून्याचा घात, म्हणजे शून्य धरले जाते. २४०६१०७०८ या आकड्याचा एमडी५ नेमका असा आहे. असे दोन वेगळे हॅश पीएचपी सारखेच मानते. म्हणून पीएचपीत हॅश-इक्वल्स आणि पायथनमध्ये कंपेअर-डायजेस्ट हीच फंक्शने वापरावीत. ती ताडायला नेहमी सारखाच वेळ घेतात, त्यामुळे किती अक्षरे जुळली याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही.

इतके वाचून कुणी म्हणेल, मग तयार लायब्ररी का वापरू नये? वापरावीच. पायथनच्या पासलिब या लायब्ररीत पीएचपास आहे, तिची शेवटची आवृत्ती मात्र २०२० ची आहे. आमचे मत असे की हाताने लिहिलेले फंक्शन फक्त जुने हॅश तपासण्यापुरते असावे. नवा पासवर्ड त्या फंक्शनने एकदाही हॅश करू नये.

जुने पीठ नव्या डब्यात

पुढचा रस्ता जँगोने सोपा केलेला आहे. सेटिंगमध्ये हॅश पद्धतींची यादी असते. पहिली पद्धत नव्या पासवर्डसाठी, बाकीच्या जुने ओळखण्यासाठी. जुन्या पद्धतीचा सभासद आला, पासवर्ड जुळला, की त्याच क्षणी खरा पासवर्ड हातात असतो. तेव्हा तो नव्या पद्धतीने हॅश होऊन जातो. जँगोच्या नेहमीच्या पीबीकेडीएफ२ पद्धतीत २०१२ साली १.४ आवृत्तीत १०,००० फेऱ्या होत्या, ५.२ आवृत्तीत १० लाख आहेत. यंत्रे वेगवान झाली तसा हा आकडा वाढवत न्यावा लागतो.

पण जे सभासद वर्षानुवर्षे येणारच नाहीत त्यांचे ८१९२ फेऱ्यांचे एमडी५ तसेच पडून राहतात. डेटाबेस चोरीला गेला तर आधी तेच फुटतील. सभासदांच्या यादीत गाव, शिक्षण, जात-प्रमाणपत्राचा तपशील, आंदोलनात कोण कुठे असते हे सगळे असते, आणि कुणाच्याही एका खात्यातून त्यातले बरेच दिसते. म्हणून आम्ही वाट न पाहता गुंडाळण्याचा मार्ग निवडला. जुना २२ अक्षरांचा हॅश हाच जणू पासवर्ड आहे असे समजून त्यावर पीबीकेडीएफ२ चालवायचे आणि फक्त ते उत्तर ठेवायचे. सोबत जुन्या नोंदीची पहिली बारा अक्षरे, म्हणजे खूण, फेऱ्या आणि सॉल्ट, जपून ठेवायची, कारण लॉगिनच्या वेळी आधी जुनी गिरणी चालवावी लागते आणि मग नवी. ती बारा अक्षरे हरवली तर कुणाचाच पासवर्ड पुन्हा जुळणार नाही. काही हजार सभासदांचे हे काम एका रात्रीत होते.

गुंडाळून झाले की जुना रकाना काढून टाका. हे वाक्य सोपे आहे आणि नेमके हेच राहून जाते. २०१५ साली ॲशली मॅडिसन या साइटचा डेटाबेस बाहेर आला तेव्हा पासवर्ड चांगल्या बीक्रिप्टने हॅश केलेले होते. पण शेजारी दुसऱ्या एका कामासाठी त्याच पासवर्डपासून बनवलेला एमडी५ पडून होता. फोडणाऱ्यांनी बीक्रिप्टला हातच लावला नाही. त्या शेजारच्या रकान्यातून १ कोटी १० लाखांहून अधिक पासवर्ड त्यांनी काढले.

आमच्या कामात रकाना काढला, जुना सर्व्हर बंद केला, आणि आठवड्याभराने लक्षात आले की स्थलांतराच्या पहिल्या दिवशी घेतलेली डेटाबेसची पूर्ण प्रत तिघांच्या लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर आहे. तिन्ही लॅपटॉपवरची प्रत पुसली. पेन ड्राइव्ह शिबिराच्या फोटोंसाठी दिलेला होता, तो तीन हातांतून फिरून परत आला. त्यातली फाइल कुणी उघडली होती का, हे सांगता येत नव्हते. त्यामुळे शेवटी सगळ्या सभासदांना संदेश पाठवावा लागला. जुना पासवर्ड चालतो आहे, पण तो कृपया बदला, आणि तोच पासवर्ड ई-मेल किंवा बँकेला असेल तर तिथेही बदला. ज्यांच्यापर्यंत संदेश पोहोचत नव्हता त्यांची यादी काढली, तालुक्याप्रमाणे वाटून घेतली आणि फोन लावायला बसलो. त्या यादीतली काही नावे अजून बाकी आहेत.